जतला गेलेले आप्पा

मला जतचा मत्सर वाटतो. हो, जतचाच, सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला, कर्नाटकाला खेटून असलेल्या त्या कोरड्या तालुक्याचा. जावेचा मत्सर वाटणं, शेजारणीच्या पाटल्यांचा वाटणं हे लोक समजून घेतात. आख्ख्या तालुक्याचा मत्सर करणारी बाई वाईत मी एकटीच असेन. उन्हाळ्यात टीव्हीवर जतच्या वस्त्यांवर टँकर जाताना दाखवतात, तेव्हा घरातले सगळे चुकचुकतात. मीही चुकचुकते. पण माझ्या आत एक खवट बाई बसलेली आहे, ती म्हणते, पाणी नसेना का, आप्पा आहेत ना तुमच्याकडे? मग रडता कशाला!

आप्पा आधी आमचे होते. कृष्णेच्या घाटावर, पायऱ्या चढून आलं की औदुंबराला टेकून दत्ताची एक लहानशी मठी आहे, तिथले. पूजा करायचे, माधुकरी मागून जेवायचे आणि दिवेलागणीला पोथी वाचायचे. महाराज म्हटलेलं त्यांना खपत नसे. "महाराज घोड्यावर बसतात, मला साधी सायकल येत नाही," म्हणायचे. म्हणून सगळ्या पेठेचे ते आप्पा. आणि एके वर्षी उन्हाळा उतरताना ते मेंढरांमागून चालत जतकडे निघून गेले, ते परत आलेच नाहीत. का गेले ते मला आजही नीटसं माहीत नाही.

मठीची किल्ली तेव्हापासून माझ्याकडे आहे. या गुरुवारी नेहमीसारखी दार उघडायला गेले. औदुंबराखाली पिकलेल्या उंबरांचा सडा पडला होता. ती पायाखाली चिरडतात आणि त्यांचा गोडसर आंबूस वास चपलेला लागून घरापर्यंत येतो. दार उघडलं की मात्र वेखंडाचा वास. पोथीला कसर लागू नये म्हणून काचेच्या पेटीत वेखंडाच्या कांड्या ठेवलेल्या आहेत. मी काच पुसली, वर फूल ठेवलं, हात जोडले, तेवढ्यात कमरेचा फोन वाजला.

"वाईच्या आक्का काय? घाटावरच्या पुजाऱ्यानं नंबर दिला," पलीकडून बाईचा आवाज आला. "आप्पा गेलं. काल सांच्याला. बसल्या जागी."

मी विचारलं, कोण बोलतंय?

"मी बायाक्का."

खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे त्यांच्या जाण्याची बातमीसुद्धा मला हिच्याच तोंडून कळावी! शेवटच्या घोटभर पाण्याला हीच जवळ असणार. हिनंच डोळे मिटले असणार. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि ओळखला नाही, याचंही मला बरंच वाटलं.

आमच्या लहानपणी संध्याकाळ घाटावरून पेठेत चढून यायची. आधी नदीवरचा ओला दगडी वास, मग बगळ्यांची परतणारी रांग, मग कुणीतरी तांब्या घासत असल्याचा चरचर आवाज, मग मठीतली घंटा. घंटा झाली की आई म्हणायची, "जा, हात धू." पाय धू नाही, तोंड धू नाही. हात. कारण पोथीची पानं लावायचं काम माझं होतं.

आप्पांची पोथी जुन्या पद्धतीची, लांबट, सुट्या पानांची. शिवलेली नव्हे. पारायण चालू असेपर्यंत ती बासनात बांधत नसत. दोन पाट मांडलेले असत, उजव्या पाटावर न वाचलेली पानं, डाव्या पाटावर वाचून झालेली पालथी, वर लाल कापड. आप्पा एकेक पान उचलून वाचायचे, संपलं की माझ्या हातात द्यायचे, मी ते डावीकडे पालथं घालायची. एवढंच. पण पेठेतल्या कुठल्याही मुलीला हे मिळालेलं नव्हतं. पान देताना ते माझ्याकडे बघत नसत, नजर पुढच्या पानावर असे, फक्त हात माझ्या बाजूला यायचा, आणि मी तिथं असणारच याची त्यांना खात्री असे. त्या हाताला गंधाचा आणि काडेपेटीचा वास यायचा. कागद जाड, पिवळट, कडांना मऊ झालेला. त्याला जुन्या घोंगडीच्या घडीसारखा कोंदट, ऊबदार वास होता. झोपताना मी तळहात हुंगायची.

एकदा एक गृहस्थ म्हणाले, "आप्पा, पोरीच्या हातात पोथी?" आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "तिनं हात धुतलेत. तुम्ही?" ते गृहस्थ तपकीर ओढायचे. सगळी मठी हसली. मला तर घाटावरून उडी मारून पोहत पलीकडे जावंसं वाटलं.

आप्पांचा आवाज गोड मुळीच नव्हता. सुपात ज्वारी पाखडावी तसा कोरडा, सरसर एका लयीत. पण त्या आवाजात काहीतरी असं होतं की वाचन चाललं असताना घाटावर आंघोळीला आलेली माणसंही पाण्यात तांब्या हळू बुडवायची. अध्याय संपला की चणे आणि गूळ. गूळ हाताला चिकटायचा, म्हणून पानं लावणारीला प्रसाद सगळ्यांत शेवटी. तेही मला मानाचंच वाटायचं. तेव्हा मला वाटायचं की देव म्हणजे या दोन पाटांच्या मधली जागा आहे आणि तिथं आप्पा आणि मी राहतो.

मग ती आली.

दिवाळी झाली की पूर्वेकडून मेंढरं यायची. जत, आटपाडीकडचे लोक पावसाळा संपला की कळप घेऊन पश्चिमेला निघायचे. वाईच्या आसपासचे शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरं रानात बसवून घ्यायचे, बदल्यात धान्य द्यायचे. पेठेतून कळप जाताना दुकानदार दारातलं सामान आत ओढायचे. धुळीचा एक ढग, त्यात लोकरीचा ओला, उग्र वास, पोरांची आरडाओरड, आणि त्या सगळ्यावरून जाणारा तो विचित्र शीळेसारखा आवाज, ज्यानं सगळा कळप एकदम वळायचा. त्या वर्षी त्यांतला एक बाप आणि त्याची माझ्याएवढी मुलगी संध्याकाळी मठीच्या पायरीवर येऊन बसली. मुलीच्या खांद्यावर आजारी कोकरू होतं. ते पोथीच्या मधे बें बें करायचं, आणि आप्पा थांबायचे, जणू त्याचाही काही मुद्दा असावा.

मुलीचं नाव बायाक्का. तिला गप्प बसता येत नसे. कथेत कुणावर संकट आलं की ती मोठ्यानं म्हणायची, "आगं बया! मग?" आणि आप्पा, जे आम्हाला साधं खाकरू देत नसत, ते हातातलं पान खाली ठेवून तिच्याकडे बघत म्हणायचे, "सांगतो की. घाई काय आहे?" मला 'मग' म्हणता येत नव्हतं. मला पुढचं पाठ होतं. सगळं पाठ असलेल्या मुलीनं 'मग काय झालं' कसं विचारायचं? माझं पाठांतर माझ्याच घशात अडकलं, ते असं.

एका संध्याकाळी आप्पांचा हात पान घेऊन बाजूला आला, माझ्या बाजूला नाही, दुसऱ्या. बायाक्का वर येऊन बसलेली होती. तिनं लुगड्याला हात पुसले आणि पान घेतलं. उलटं धरलं होतं, आप्पांनी हसून सरळ करून दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन मी जेवले नाही. आई म्हणाली, "अगं, देवाची पोथी आहे, कुणी का पान धरेना." देवाची पोथी! देवाचं काय मधे काढतेस, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. माझ्या हातातून काही गेलं होतं ते देवाचं नव्हतं.

मग काही हिवाळे असेच गेले. मेंढरं आली की मी त्यांच्या परतण्याचे दिवस मोजायची आणि गेली की मठी परत माझी व्हायची. आम्ही दोघी वाढलो. बायाक्काच्या कपाळावर हिरवं गोंदण आलं. माझ्या आवाजाचं लोक कौतुक करायला लागले. आप्पा मधे मधे मला वाचायला बसवायचे. आधी त्यांना खोकला झाला म्हणून, मग उगीचच, मग रोज. स्वतः उठून ऐकणाऱ्यांत जाऊन बसायचे. आणि बसायचे कुठं? पायरीवर, त्या बापलेकीजवळ. मी वर चौरंगापाशी ताठ बसून स्वच्छ वाणीनं ओव्या म्हणतेय, आणि खाली आप्पा तिच्याकडे वाकून अर्थ सांगताहेत, ती मान हलवतेय, मधेच खुदकन हसतेय. मला वाटायचं, मला इथं बसवून ठेवलं आहे, दूर. मी ओव्या चुकवत नव्हते हे खरं; पण कुणाला विचाराल तर त्या हिवाळ्यात मी काय वाचलं, त्यातला एक शब्द मला सांगता येणार नाही.

शेवटची ती पहाट. वळिवाचे ढग जमायला लागले होते, मेंढरं पूर्वेला परतत होती. पेठेतून घुंगरांचा आवाज गेला तेव्हा मी अंथरुणात होते आणि म्हणाले, बरं झालं, गेले एकदाचे. सकाळी फुलं घेऊन मठीत गेले तर दार नुसतं लोटलेलं. चूल थंड होती. तांब्या, पळी, चष्म्याचं जादा घर, सगळं जागच्या जागी. खुंटीवरची घोंगडी तेवढी नव्हती. आप्पा नेहमी काहीतरी विसरायचे आणि परत यायचे, म्हणून मी पायरीवर बसून राहिले. ऊन पायरी पायरीनं वर चढत आलं, उंबरांवर माश्या घोंगावायला लागल्या. दुपारी औदुंबराखालून जाणारा एकजण म्हणाला, आप्पांना मी सुरुरच्या अंगाला पाहिलं, मेंढरांमागून चालले होते, हातात काठी.

त्या संध्याकाळी पेठ रडली. पोथी तशीच होती, डावीकडे वाचलेली, उजवीकडे न वाचलेली, वर लाल कापड. आदल्या दिवशी मीच वाचली होती, पण शेवटचं पान आप्पांनी येऊन स्वतः पालथं घातलं होतं, माझ्या हातातून घेऊन. आता त्यांच्याशिवाय कोण वाचणार, असं सगळे म्हणाले. कुणाच्या तरी तोंडून निघालं, आप्पांच्या हातची पानं आहेत, हलवू नका. आणि ते सर्वांत मोठ्यानं उचलून धरलं मी. ज्यानं मला टाकलं त्याची पोथी मी का वाचू, हे मनात. तोंडानं मात्र, त्यांची जागा कुणी घ्यायची नाही.

मग हळूहळू त्याचंच व्रत झालं. एका भक्तानं काचेची पेटी करून दिली. दोन्ही पाट, पानांसकट, जसेच्या तसे आत. गुरुवारी लोक येतात, काचेवर हळदकुंकू वाहतात, 'आप्पांनी सोडलेली पोथी' म्हणून पाहुण्यांना दाखवतात, लहान मुलांना उचलून दाखवतात. एक निवृत्त मास्तर एकदा म्हणाले होते, मी वाचू का रोज थोडं? साऱ्या मठीनं त्यांच्याकडे असं बघितलं की बिचारे परत आले नाहीत. दिवेलागणीला घंटा होते, मग काही नाही. ती जी सरसर होती ना, ती संध्याकाळी अजून ऐकू येईल असं वाटतं आणि नदीच तेवढी ऐकू येते.

बायाक्काचा कळप त्यानंतर वाईकडे पुन्हा फिरकला नाही. माझं लग्न पेठेतच झालं. घरी देव आहेत, आरती करते, उपास करते. पण हात जोडले की समोर मूर्ती असली तरी बोलणं आप्पांशीच. आणि बोलणं कसलं, भांडण. तिला काय आहे हो माझ्यापेक्षा? पेठेतला एक व्यापारी जतच्या बाजाराला गेला होता, त्यानं बसच्या खिडकीतून आप्पांना बघितलं, लोकांच्या घोळक्यात हसत उभे होते म्हणे. हसत! मी शोधायला जाऊ शकले असते. पण शोधायला जाणं म्हणजे बायाक्कापुढं हात टेकणं. बोलावतील तर जाईन म्हणत राहिले. देवाकडेही एवढंच मागायची, की तिथं त्या माळावर बसून त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझं नाव घेतलं असू दे.

शुक्रवारी मी एसटीत बसले. मठीतल्या लोकांनी बजावलं होतं, अस्थी घेऊन या, समाधी वाईतच झाली पाहिजे, जतवाल्यांना सोडायचं नाही. मला समाधीशी फारसं देणंघेणं नव्हतं. मला काय विचारायचं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. साताऱ्यापर्यंत डोळे मिटून होते. पुढे ऊस, ऊस आणि ऊस. सांगलीच्या स्टँडवर भडंगाचा खमंग वास आणि हळदीच्या पोत्यांची पिवळी धूळ; तिथं गाडी बदलली. मग ऊस विरळ झाला, द्राक्षांचे मांडव आले, तेही संपले. झाडं लहान लहान होत गेली. बाभळी, मग नुसतं गवत, मग दगड. कंडक्टर मराठीत तिकीट फाडायचा आणि शेजारच्याशी कानडीत गप्पा मारायचा. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, यासाठी? भरलेली कृष्णा सोडून या खडकासाठी?

फाट्यावर बायाक्का उभी होती. केस पांढरे, गोंदण फिकं झालेलं, पण उभं राहायची ढब तीच, एका पायावर भार देऊन, जणू कळप पुढं निघालाय. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जाड झालीस की गं," म्हणाली. मी म्हटलं, तू वाळलीस. एवढ्यावर आमची गळाभेट झाली.

वस्तीवर पोचल्यावर मी विचारलं, अस्थी कुठं आहेत?

"सकाळीच सावडलं. राख ज्वारीच्या रानात टाकली."

"रानात? आणि समाधी?"

"कशाला? त्यानीच सांगितलं हुतं. जागा आडवू नगा म्हणालं, पेरा."

मी इकडे तिकडे बघत होते. कुठं फोटो नाही. आसन नाही. पादुका नाहीत. घोंगडी धुऊन बाभळीवर वाळत टाकलेली. संतापानं मला रडू फुटलं. इतकी वर्षं यांना तो माणूस मिळाला, आणि यांनी त्याचं काही म्हणता काही ठेवलं नाही! आम्ही तर त्यांचं जादा चष्म्याचं घरसुद्धा जपलंय. बायाक्कानं मला रडू दिलं. सुनेला कानडीत काहीतरी सांगितलं, तिनं चहा आणला. टँकरच्या पाण्याचा मचूळ चहा. त्यात दूध मात्र दाट, मेंढीचं.

ऊन कललं तशी माणसं जमू लागली. बिरोबाच्या देवळापुढं लिंबाखाली पोती अंथरलेली. म्हाताऱ्या, बाया, पोरं. बायाक्कानं कोनाड्यातून एक पुस्तक काढलं, बाजारात मिळतं तसं छापील, पुठ्ठा निघालेलं, पानांना तेलाचे डाग. ओवी ओवी तीच. आमचीच पोथी.

"हे काय?" मी म्हणाले. "परवा माणूस गेलाय. आणि तुम्ही वाचन करणार?"

"मग काय करणार? आप्पानी देव न्हेला व्हय संगं?" बायाक्का पुस्तकाची धूळ पदरानं पुसत म्हणाली. "म्या इचारलं हुतं त्येंला. तुमी गेल्यावर आमी काय करायचं? म्हणालं, दिवा लावायचा आन् म्होरली ओवी वाचायची. बास. लय रडले मी, काय तरी मोठं सांगतील आसं वाटलं हुतं."

"आणि कोण वाचतं?"

"मीच. अडकत अडकत. साळा न्हाई शिकले, आप्पानी अक्षरं लावली. निम्मं चुकतंय. ही म्हातारी पाठीमागनं कोकलती, ऐकू येत न्हाई म्हणून. ते पोरगं हसतंय. तरीबी वाचती." तिच्या आवाजात कुठलाच मोठेपणा नव्हता, वैताग होता.

दिवा लागला. मला आणखी थांबता येईना. इतकी वर्षं जे गिळलं ते सगळं एकदम तोंडाशी आलं.

"बायाक्का," मी म्हटलं, "माझं नाव काढायचे का गं ते कधी?"

तिनं वात पुढं सारली, बोट केसांना पुसलं, आणि तिचं तोंड एकदम कडू झालं.

"कधी?" ती म्हणाली. "आगं रोज! रोज हितलं वाचन झालं की इचारायचं, वाईला आता कुठवर आलं आसंल? बोटं मोजायचं. आता त्यो अध्याय चालू आसंल, आता पारायण संपलं, आता नवं बसलं. तिकडं माझी पोरगी वाचती म्हणायचं. आवाज कसा, खणखणीत. तिला बसवली, तवा मला निघता आलं. न्हाई तर वाईच्या लोकास्नी सोडून आलो नसतो म्हणायचं."

मी पोत्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होते.

"लय जळायची मी तुझ्यावर," बायाक्का म्हणाली, आता तिला थांबवत नव्हतं. "खोटं कशाला बोलू? भाकरी मी घालायची, पाय मी चेपायची, आन् कवतिक तुझं. हितं चार ओळी वाचायला मला घाम फुटायचा, आन् आप्पा म्हणायचं, तिला ऐकायला पायजे हुतंस. एकदा म्हणलं, लावते फोन, इचारा की तिलाच. तर म्हणालं, नगं, वाचनाची वेळ हाय तिची, मोडता घालू नगं. आसा राग आला हुता मला!"

लोक बसले होते. कुणीतरी खोकलं. मेंढरं कुंपणात सरकत होती, त्यांचा तोच ओला उग्र वास, आणि मला एकदम ती पायरी आठवली, खाली वाकून अर्थ सांगणारे आप्पा आठवले. त्यांनी मला दूर बसवलं नव्हतं. मला बसवून ते निघायची तयारी करत होते. सगळा हिवाळाभर. आणि मी ताठ बसून नुसती तिच्याकडे बघत होते.

"मग बोल की," बायाक्का म्हणाली. "कुठवर आलंय तुमचं?"

मला खोटं सांगता आलं असतं. तिला काय कळणार होतं?

"तिथंच आहे," मी म्हटलं.

"तिथंच म्हंजी?"

"आप्पा गेले, त्या दिवशी जिथं होतं, तिथंच. काचेच्या पेटीत ठेवलंय. आम्ही पूजा करतो."

बायाक्का माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला पटेना. मग पटलं, तेव्हा तिच्या तोंडावरचा कडवटपणा गेला, आणि त्या जागी जे आलं ते मला सोसवेना. इतकी वर्षं जिच्यावर जळली ती बाई मुळात नव्हतीच, हे तिला कळलं होतं. आणि आप्पा शेवटपर्यंत बोटं मोजत राहिले, ती कशाची, हेही.

"त्येंला कळलं न्हाई, ते बरं झालं," ती हळू म्हणाली.

मी पदरानं तोंड झाकून घेतलं. मत्सर वगैरे सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. कुणाचा करायचा? आप्पा कुणाचेच नव्हते. वाईचे नाहीत, जतचे नाहीत. ते आम्हाला ज्याच्या हवाली करून गेले होते, त्याला मी काचेत कोंडून वर हळदकुंकू वाहत बसले होते. मला वाटलं, उठावं आणि फाट्यापर्यंत चालत जावं, मिळेल ती गाडी पकडावी.

बायाक्कानं माझ्या तोंडावरचा पदर ओढला आणि पुस्तक माझ्या मांडीवर आदळलं.

"वाच."

"मी? आज?"

"मग कवा? माझा चष्मा फुटलाय. ही समदी बसल्यात. बोट लावलंय बघ, हितनं."

पान तेलकट होतं, अक्षर बारीक. ओवी मला पाठ होती. तरी पहिला चरण पुटपुटल्यासारखा निघाला. पुन्हा सुरुवात केली. पोरं एकमेकांना ढोसत होती, मागं कुणी तरी कुजबुजलं. सगळ्यांत मागच्या म्हातारीनं कानाला हात लावून काहीतरी विचारलं.

"मोठ्यानं गं," बायाक्का म्हणाली. "त्यांस्नी ऐकू जात न्हाई."

मग मी मोठ्यानं वाचायला लागले.